निवळीचे निव्वळ वजन

वाशीमच्या काष्ठौषधींच्या दुकानात निवळीच्या बियांची पुडी घेतली. वर छापले होते : ‘निवळी. निव्वळ वजन १०० ग्रॅम.’ हे दोन शब्द शेजारी पाहिले आणि औषध बाजूलाच राहिले.

निवळी म्हणजे संस्कृतातला कतक. बी शर्टाच्या बटणासारखी, चपटी. रांजणाच्या आतल्या अंगाला घासली की पैनगंगेच्या पावसाळी पाण्याचाही गाळ तळाशी बसतो. सुश्रुताने पाणी स्वच्छ करणाऱ्या द्रव्यांत कतक मोजला आहे. याच कुळातला काजरा मात्र जहरी.

‘निवळ’ हा ‘निर्मल’वरून आला, असे सर्रास सांगतात. कोमलचा कोवळा, श्यामलचा सावळा, तसा निर्मलचा निवळ. ऐकायला झकास! पण कोमलमधला म सुटा आहे, निर्मलमध्ये र्म हे जोडाक्षर. त्याचा मराठीत म उरतो : कर्म–काम, चर्म–चाम. त्या हिशेबाने ‘निमळ’ व्हायला हवे होते. माझा कौल ‘निवणे’ला. ऊन भात निवतो, तापलेले डोके निवते, ढवळलेले पाणी निवळते. खळबळ थांबणे हाच तिन्हींचा गाभा. ‘निवणे’ हे निर्वाणाच्याच घरातले, आणि निर्वाणचे प्राकृतात निव्वाण होते. निव्वळमधला जोड व तिथलाच असणार. मग निवळीचेच ‘निर्मळी’ हे दुसरे नाव? ती पंडितांची मागाहूनची दुरुस्ती, असे मी ठोकून देतो. शेवटचा ळ प्रत्यय समजून पुढे सरकतो. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणून वाकाटकांतही कतक शोधून पाहिला. पण ट आणि त आडवे आले.

निवळ आणि निर्मळ वेगळे, याची साक्ष सांडपाणी देते. मातीचे कण बीमधल्या प्रथिनांमुळे आणि बहुशर्करांमुळे एकमेकांना चिकटतात, जड होऊन बसतात. विरघळलेले कॅडमियम बसतही नाही, दिसतही नाही : पाणी निवळ, पण निर्मळ नव्हे. चेन्नईच्या संशोधकांनी याच बियांना गंधकाम्लाची प्रक्रिया देऊन त्यांच्या भुकटीने कॅडमियम पकडून दाखवले. भुकटीच्या पृष्ठभागावरचे कार्बॉक्सिल आणि हायड्रॉक्सिल गट धातूचे आयन धरून ठेवतात. धातू नाहीसा होत नाही, पाण्यातून भुकटीत जातो. भुकटी गाळून वेगळी करावी लागते.

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात बजावले आहे की कतकाचे नुसते नाव घेऊन पाणी निवळत नाही. माझी पुडी अजून फोडलेली नाही.