काळ्या कौदीच्या पोटात काय होतं?

या टिपणाची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते. आमच्या घरी आजेसासूबाईंच्या काळ्या इरकल लुगड्याची एक कौदी होती. वरचं कापड जागोजागी विरलं होतं, म्हणून काही वर्षांपूर्वी मी ती गावातल्या एका गादीवाल्याकडे दुरुस्तीला दिली. ‘‘आतलं काय करू?’’ त्यानं विचारलं. ‘‘टाकून द्या, नवीन भरा,’’ मी म्हणाले. कौदी परत आली ती छान फुगलेली, हलकी आणि पांढऱ्याशुभ्र पॉलिस्टर फायबरनं भरलेली. पण एक हिवाळा गेला नाही, तोच काळ्या कापडावर पांढरी लव दिसू लागली. मांजर लोळून गेल्यासारखी. झटकली की जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर!

लव एक वेळ चालली असती. पण जे टाकून दिलं, त्यात काय होतं हे आता कुणालाच सांगता येत नाही. त्याची चुटपुट लागली, म्हणून हा विषय मंडळासमोर मांडते आहे.

नाव एक, पोट दोन

बेळगाव भागात एकाच वस्तूला आपण तीन नावांनी हाका मारतो. शहरात गोधडी, खेड्यात वाकळ आणि कन्नडशी शेजार असलेल्या घरांत कौदी. तिन्हीचं पोट मात्र एकच, जुनं कापड. दुलई आणि रजई ही वेगळी जात. त्यांच्या पोटात पिंजलेला कापूस असतो.

हा फरक नुसत्या ऐपतीचा नव्हता. आपल्याकडचा पाऊस आठवा. जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घामेजतात. कापूस भरलेली रजई धुता येत नाही. पाण्यात बुडवली की आतल्या कापसाचे गोळे होतात आणि ती पुन्हा पिंजारापर्यंत न्यावी लागते. कापडाच्या थरांची कौदी मात्र विहिरीवर आपटून धुवावी, गडग्यावर वाळत घालावी. लेकराबाळांच्या घरात कौदी जिंकली ती यामुळे.

कापूस आपल्याकडे नव्हता असंही नाही. बेळगाव-धारवाडचा देशी कापूस एकोणिसाव्या शतकात ‘कुमठा’ या व्यापारी नावानं ओळखला जाई, कारण तो घाट उतरून कुमठा बंदरातून मुंबईला जात असे. १८४० च्या दशकात धारवाड भागात अमेरिकन बियाणं आणून त्याची लागवड झाली आणि ‘धारवाड-अमेरिकन’ हा दुसरा प्रकार बाजारात आला. चांगल्या मालात हलका मिसळण्याचे प्रकार इलाख्यात इतके वाढले, की मुंबई सरकारला १८६३ साली कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदाच करावा लागला. पुढं १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे आली, मुरगाव बंदराशी जोड झाली आणि कुमठ्याची वाट मागं पडली.

या कापसाला आकार देणारे ते पिंजारी, आपल्याकडे नदाफ. खांद्यावर धनुष्यासारखी पिंजण, तिची ताणलेली तात आणि ती छेडायला लाकडी दस्ता. थंडीच्या तोंडावर गल्लीत ‘टंग-टंग’ असा आवाज आला की आया-बाया जुन्या गाद्या-रजया घेऊन दारात येत. दबलेला कापूस तातेवर उडवून ते पुन्हा मोकळा करत. नवा कापूस थोडा, जुनाच जास्त.

पांढरं बाहेर का येतं?

आता माझ्या चुकीकडे वळू. कापसाचा तंतू भिंगाखाली पाहिला तर पिळलेल्या फितीसारखा दिसतो. या पिळांमुळे तंतू एकमेकांना धरून राहतात. पॉलिस्टरचा तंतू गुळगुळीत. त्याला धरायला काही नाही आणि घासलं की त्यात स्थिर वीज साठते. कापडाच्या विणीतून आणि सुईच्या भोकांतून तो सहज वर सरकतो. पांढऱ्या खोळीवर हे कळतही नाही. काळ्यावर मात्र लपत नाही.

कापूस अगदीच निर्दोष आहे असं नाही. विरळ कापडातून तोही डोकावतो. म्हणून दुलईच्या वरच्या कापडाखाली मलमलीचं किंवा मांजरपाटाचं अस्तर घालण्याची रीत होती. उलट, काडीकचरा आणि सरकीचे तुकडे राहिलेला मळकट कापूस गडद कापडाखाली बिनदिक्कत चालतो. पांढऱ्या खोळीखाली मात्र तोच पिवळट डाग उठवतो.

काळा रंगच आधी का विरतो?

जुन्या कौद्या पाहताना एक गोष्ट पुन:पुन्हा दिसते. लाल ठिगळ शाबूत, निळं शाबूत आणि काळं चाळणी झालेलं. दोष नेसणारीचा नाही, रंगाचा आहे. जुना देशी काळा हा बहुधा हिरडा आणि हिराकस, म्हणजे कषाय द्रव्य आणि लोह, यांच्या संयोगातून निघे. हेच लोह वर्षानुवर्षं सुताला आतून खात राहतं. १८९० च्या दशकात युरोपात गंधकी काळा रंग निघाला. तो स्वस्त आणि पक्का, पण त्यालाही खोड आहे. कापड दीर्घकाळ दमट जागी पडून राहिलं की त्यात हळूहळू आम्ल तयार होतं आणि सूत कमकुवत होतं. निळीचं तसं नाही. ती सुताला खात नाही.

म्हणजे काळ्या कौदीला दोन शत्रू. एक, आतून वर येणारं पांढरं. दुसरा, वरून विरत जाणारं काळं, ज्यातून ते पांढरं उघडंच पडतं. आणि आपल्या भागात काळ्या लुगड्यांना तोटा नव्हता. इरकलमध्ये काळी चंद्रकळा होतीच, संक्रांतीला ती लागतच असे. इकडे शहापूर, वडगाव, खासबागच्या मागांवरही लुगडी निघत. (शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं, बेळगाव ब्रिटिश मुलखात. मध्ये एक रस्ता.) त्यामुळे या दोन शत्रूंशी घरोघरच्या बायकांची गाठ पडली असणार, आणि त्यावर उपायही त्यांनीच शोधला असणार.

दुसरी कौदी

हा उपाय मला सापडला तो माझ्या सासूबाईंच्या माहेरच्या दुसऱ्या काळ्या कौदीत. या वेळी मी शहाणी झाले होते. दुकानात न देता, घरीच एका बाजूची शिवण उसवली आणि थर उतरतील तसे लिहून ठेवले.

सर्वांत वर काळं इरकल, लाल काठाचं. त्याच्या लगेच खाली गडद निळं लुगडं, पूर्ण लांबीरुंदीचं. ठिगळ नव्हे, सलग. मग पांढऱ्या धोतराचे चार थर, मऊसूत. पायाकडच्या बाजूला दीड हात रुंदीचा काळ्या घोंगडीचा तुकडा. खाली पाठीला रंगीबेरंगी तुकडे, त्यात एक खाकीचा, बहुधा कुणाच्या तरी शाळेच्या चड्डीचा. टाके बोटभर अंतरावर आणि वरून दिसणारा दोरा काळा, लुगड्यातूनच ओढून काढलेला.

निळं लुगडं वाया का घालवलं, हे मला उमगेना. कौदी घेऊन मी शहापूरच्या एका ओळखीच्या आजींकडे गेले. वय नव्वदीच्या घरात, नजर अधू. त्यांनी बोटांनी थर चाचपले आणि हसल्या.

‘‘अगं, काळ्याच्या पोटाला थेट पांढरं लावायचं नसतं. काळं फाटलं की दात दिसतात. मधी निळं घालायचं. काळं गेलं तरी निळं हाय की, कोण बघतंय रात्रीचं!’’

‘‘आणि मग हे धोतर?’’

‘‘ते उबेला. धोतरासारखं मऊ काय नाही बघ. पण पोटात ठेवायचं, वर आणायचं नाही.’’

‘‘घोंगडीचा तुकडा पायाकडेच का?’’

‘‘पाय गार पडतात म्हाताऱ्यांचे. आणि काळीच घोंगडी बघ, टोचून बाहेर आली तरी दिसत नाही.’’

दख्खनी मेंढीची लोकर मुळातच काळी असते, तिला रंगवावं लागत नाही. आपल्याकडचे धनगर-कुरुबर हीच लोकर कातून घोंगड्या विणत आले. म्हणजे काळ्या कौदीला साजेसं, रंग न जाणारं काळं भरण आपल्या माळावरच चरत होतं आणि कुणा एका बाईनं ते नेमक्या जागी वापरलं होतं.

आज काय करावं?

ज्यांच्या घरी गडद कौदी किंवा दुलई आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी. वरचं कापड उजेडासमोर धरून पाहा. वीण विरळ दिसली तर आत काहीही भरा, अस्तर हवंच आणि तेही गडद. पॉलिस्टरच हवं असेल तर सुटं फायबर घेऊ नका. दाबून बसवलेली, काळी किंवा करडी चादर मिळते, ती घ्या. रंगीत भरण असेल तर तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासा. रंग सुटला तर ते पहिल्याच धुण्यात कौदी खराब करेल. पिंजलेला कापूस भरलात तर चार बोटांपेक्षा लांब टाके नकोत, नाहीतर तो सरकून एका कोपऱ्यात बसतो. आणि सुई बारीक वापरा. जाड सुईचं प्रत्येक भोक ही बाहेर पडायची वाट असते.

मंडळाच्या सभासदांना आणि वाचकांना मात्र माझी विनंती वेगळीच आहे. कौदी दुरुस्तीला देण्याआधी एक कोपरा उसवा. किती थर, कोणतं कापड, कोणत्या क्रमानं, हे वहीत लिहा आणि फोटो काढा. मग खुशाल नवीन भरा. ताम्रपट, दफ्तरं, बखरी आपण जपतो. त्या लिहिणारे बहुतेक पुरुष. ज्या बायकांनी एक ओळही लिहून ठेवली नाही, त्यांचे निर्णय या थरांत शिवलेले आहेत. कुणाचं धोतर, कुणाची चड्डी, कुणाचे गार पडणारे पाय.

दुसरी कौदी मी परत तशीच शिवली. काळं लुगडं फारच विरलं होतं, तिथं आता खालचं निळं दिसतं. दात दिसत नाहीत. पहिलीच्या पोटात काय होतं, ते मात्र कायमचं गेलं.