मुंबईचा समुद्र आणि आपला कापूस

आज आपण बोलणार आहोत फिरायला जाण्याबद्दल. देवाला नव्हे, लग्नाला नव्हे, दवाखान्यातही नव्हे. नुसतं फिरायला. मुंबईचा समुद्र पाहायला.

संग्रामपूर तालुक्यातल्या बचत गटांच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला की आधी सगळ्या हसतात. मग एकेक अडचण निघते. पैसे कुठून आणायचे, घरी काय सांगायचं, दोन दिवस म्हशीचं कोण पाहील. सगळ्यांत शेवटी, हळू आवाजात, खरी गोष्ट बाहेर येते. ते मोठ्या लोकांचं, सिनेमावाल्यांचं शहर. तिथं आपल्यासारख्या बायांचं काय काम? पहिल्या तीन अडचणींवर गटात मार्ग निघतो. चौथीचं उत्तर मात्र इतिहासात शोधावं लागतं.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. इंग्रजांना इथली काळी जमीन हवी होती, कारण ती कापसाची जमीन. त्या वेळी विलायतेतल्या कापडगिरण्या मुख्यतः अमेरिकेच्या कापसावर चालत. १८६१ साली अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून आपसांत लढाई पेटली आणि तिकडचा कापूस बंद झाला. गिरण्या उपाशी राहिल्या. मग सगळ्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. भाव कधी नव्हे इतके चढले. बैलगाड्यांतून आणि बैलांच्या पाठीवरून, कित्येक आठवड्यांची वाट तुडवत, माल मुंबई बंदराकडे जाऊ लागला.

मुंबईत पैशाचा पूर आला. तो पैसा गुंतवायला रोज नव्या कंपन्या निघत होत्या. मुंबई म्हणजे मुळात सात बेटं. समुद्रात भराव टाकून नवी जमीन तयार करायची आणि ती सोन्याच्या भावानं विकायची, असा काही कंपन्यांचा धंदा होता. त्यांतली एक ‘बॅक बे’ कंपनी. आज जिथं लोक हवा खायला बसतात, तोच हा किनारा. तिचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० वर गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती, पण तिची विक्री मात्र जोरात चालली होती.

१८६५ साली अमेरिकेतली लढाई संपली. कापसाचे भाव कोसळले आणि त्यांच्यासोबत कंपन्याही बुडाल्या. बडे बडे सावकार रस्त्यावर आले. त्या तेजीच्या काळात कापसाचे मोठे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला देणगी दिली होती. तिच्यातून उभा राहिलेला घड्याळाचा मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. त्यांच्या आईच्या नावावरून त्याला राजाबाई टॉवर म्हणतात. मुंबईच्या मधोमध एका आईच्या नावाचा मनोरा उभा आहे, ही चांगलीच गोष्ट. पण ज्या बायांनी पऱ्हाटीत वाकून तो कापूस वेचला, त्यांचं नाव कुठल्याच दगडावर नाही.

भाव पडले तरी इंग्रजांनी वऱ्हाडचा कापूस सोडला नाही. भुसावळहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला. शेगाव त्याच मार्गावरचं. खामगाव तर तेव्हा देशातल्या मोठ्या कापूस बाजारांत गणलं जाई. जलंब ते खामगाव एवढासा फाटा खास कापसासाठी टाकला आणि १८७० साली त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. आज शेगावहून आपण ज्या रुळांवरून मुंबईला जातो, त्या वाटेनं आपला कापूस दीडशे वर्षांपूर्वीच गेला आहे.

या कापसानं आपल्याला काय दिलं, हेही सांगायला हवं. ज्वारीच्या जागी कापूस वाढत गेला. १८९९-१९०० साली मोठा दुष्काळ पडला, तेव्हा धान्य विकत घ्यायला मजुरांच्या हाती पैसा नव्हता. या काळ्या कसदार जमिनीवर माणसं उपाशी मेली. रुईच्या गाठी भरून जाणारी आगगाडी असल्यानं पोट भरत नाही, हे आपल्या पणज्यांनी सोसून पाहिलं.

आता परत समुद्राकडे येऊ. पहिली कंपनी बुडाली, तिचं भरावाचं काम अर्धवट राहिलं. १९२० नंतर सरकारनं ते पुन्हा हाती घेतलं. त्यात अफाट पैसा गेला. खुर्शेद नरिमन नावाच्या वकिलांनी त्यातला गैरकारभार उघड केला. नरिमन पॉइंट हे नाव त्यांचंच. त्याच भरावावर मरीन ड्राइव्हचा रस्ता झाला आणि १९३० नंतर गोलाईदार गच्च्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. रात्री दिवे लागले की वरून तो रस्ता हारासारखा दिसतो, म्हणून त्याला राणीचा कंठहार म्हणतात. त्या भागातल्या इमारतींना २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं.

याच रस्त्याच्या एका टोकाला गिरगाव चौपाटी आहे. १९३० साली गांधीजी दांडीला निघाले, तेव्हा त्यांच्या निवडलेल्या सत्याग्रहींत एकही बाई नव्हती. पण त्याच एप्रिल महिन्यात कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले यांनी चौपाटीवर चूल पेटवून समुद्राच्या पाण्याचं मीठ केलं आणि कायदा मोडला. इकडे वऱ्हाडात समुद्र कुठला? पण आपल्याकडे खारपाणपट्टा आहे. अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ काढून सत्याग्रह झाला. विहिरीचं खारं पाणी काय असतं, हे संग्रामपूरच्या बायांना शिकवायला नको. गोड पाण्यासाठी आपण अजून वणवण करतो. त्या खाऱ्या पाण्याचाही स्वातंत्र्याच्या लढाईत वाटा आहे, एवढं मात्र मुलींना सांगत चला.

तर तिथं आपलं काय काम, या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. ज्या शहराच्या थाटात आपल्या मातीचा कापूस गेला, ते शहर पाहायला कोणाची परवानगी काढायची गरज नाही. पाहुणी म्हणून दबकत जायचं नाही; आपल्या घामाचं काय झालं ते बघायला जायचं.

जायचं ठरलं, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. गटानं जा, म्हणजे घरच्यांनाही धीर राहतो. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, शेगावपर्यंतचा खर्च कमी होतो. रेल्वेचं आरक्षण आधीच करून ठेवा. दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकले तर कर्ज काढावं लागणार नाही. भाकरी, चटणी, ठेचा बांधून घ्या. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायला आणि चौपाटीच्या वाळूत चालायला तिकीट लागत नाही. कठड्यापलीकडच्या सिमेंटच्या दगडांवर मात्र उतरू नका, आणि पावसाळ्यात लाटांपासून लांब राहा.

जाण्याआधी गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचारा, तिनं पहिल्यांदा कापूस वेचला तेव्हा मजुरी काय होती, आणि तिनं कधी समुद्र पाहिला का. ती जे सांगेल ते वहीत उतरवून घ्या. आपला इतिहास कोणी लिहून ठेवला नाही. तो आपणच लिहायचा आहे. आणि तिचे पाय चालत असतील, तर तिचंही तिकीट काढा.