भयपट, वंशभेद व मानसोपचार

प्रेक्षकाच्या मनात भीती उत्पन्न करणे हे ज्याचे प्रधान प्रयोजन असते, असा चित्रपट म्हणजे भयपट. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या चित्रपटप्रकाराचा वंशभेदाशी आणि मनोविकारविषयक कल्पनांशी निकटचा संबंध आढळतो. भीती कोणाची वाटावी, हे तेथे बराच काळ कातडीच्या रंगावरून ठरत असे; कोणाची भीती खरी आणि कोणाची भ्रामक, हे ठरविण्याचा अधिकार मात्र वैद्याकडे असे.

हा अधिकार निःपक्षपाती नव्हता. १८४० च्या जनगणनेत उत्तरेकडील मुक्त कृष्णवर्णीयांमध्ये वेडाचे प्रमाण दक्षिणेतील गुलामांपेक्षा कितीतरी अधिक दाखविण्यात आले. एकही कृष्णवर्णीय रहिवासी नसलेल्या काही गावांतही वेडे कृष्णवर्णीय नोंदले गेले होते. एडवर्ड जार्व्हिस या वैद्याने या चुका उघडकीस आणल्या. तथापि गुलामगिरीच्या समर्थनार्थ ते आकडे वापरले गेलेच. १८५१ मध्ये सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्यालाच ‘ड्रेपटोमेनिया’ हे रोगनाम दिले आणि प्रतिबंधक उपाय म्हणून फटक्यांची शिफारस केली. १९६८ मध्ये एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात कृष्णवर्णीयांच्या राजकीय संतापाला ‘निषेधजन्य चित्तविकृती’ अशा अर्थाचे नाव मिळाले. मिशिगन राज्यातील आयोनिया येथील मनोरुग्णालयाच्या नोंदी तपासून जॉनथन मेट्झल यांनी दाखवून दिले, की याच सुमारास छिन्नमानस हे निदान गोऱ्या स्त्रियांकडून कृष्णवर्णीय पुरुषांकडे सरकले. अमेरिकन मनोविकारतज्ञांच्या संघटनेने आपल्या व्यवसायातील वंशभेदाबद्दल माफी मागितली, ती २०२१ मध्ये.

पडद्यावरील मनोविकारतज्ञ आरंभापासूनच संशयास्पद आहे. ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी’ (१९२०) या जर्मन मूकपटात वेड्यांच्या रुग्णालयाचा प्रमुख आणि खुनी संमोहनकार एकच, असे निदान निवेदकाला तरी वाटते. आणि निवेदक त्याच रुग्णालयात आहे. ‘कॅट पीपल’ (१९४२) मध्ये सर्बियाहून आलेल्या आयरीनाची भीती डॉक्टर भ्रम म्हणून झटकून टाकतो, तिच्याशी लगट करू पाहतो आणि त्या ‘भ्रमा’कडूनच मारला जातो. येथे एक विसंगती नमूद करण्याजोगी आहे. हार्लेममध्ये १९४६ साली एका चर्चच्या तळघरात गरीब कृष्णवर्णीयांसाठी नाममात्र शुल्काचे मानसोपचार केंद्र काढणारे फ्रेड्रिक वर्थम हेच पुढे भयचित्रकथांविरुद्धच्या मोहिमेचे अग्रणी झाले.

जॉर्ज रोमेरो यांच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ने (१९६८) वंशाच्या अंगाने दिशा बदलली. डुएन जोन्स या कृष्णवर्णीय नटाने साकारलेला बेन हाच घरातील सर्वांत शुद्धीवर असलेला माणूस. प्रेतांच्या वेढ्यातून तो एकटा वाचतो आणि सकाळी मदतीला आलेल्या गोऱ्या बंदुकधाऱ्यांकडून प्रेत समजून मारला जातो. ही भूमिका कृष्णवर्णीयासाठी लिहिलेली नव्हती. परंतु मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर सहा महिन्यांनी चित्रपट पाहणाऱ्यांना अखेरची ती स्थिरचित्रे निव्वळ कल्पित वाटणे अशक्य होते.

दोन्ही धागे जॉर्डन पील यांच्या ‘गेट आउट’मध्ये (२०१७) एकत्र आले. क्रिस हा कृष्णवर्णीय छायाचित्रकार आपल्या गोऱ्या प्रेयसीच्या घरी जातो. तिची आई मनोविकारतज्ञ आहे. त्याचे धूम्रपान सोडविण्याच्या मिषाने ती चहाच्या पेल्यात चमचा फिरवीत त्याला संमोहित करते. त्याची आई अपघातात मरत होती त्या रात्री तो दूरचित्रवाणीसमोर नुसता बसून राहिला होता. ही अपराधभावना ती त्याच्याकडून वदवून घेते आणि तिच्याच आधारे त्याला एका काळोख्या पोकळीत लोटते. तेथून जग दूरच्या पडद्यासारखे दिसते, हात मात्र हलत नाहीत. रुग्णाने मन मोकळे करावे, ही मानसोपचाराची मूळ अट येथे सापळा बनते. पुढे क्रिस वाचतो, तो ज्या खुर्चीला बांधलेला असतो तिच्यातील कापूस कानांत घालून. गुलामांनी पिढ्यान्‌पिढ्या वेचलेला कापूस येथे संमोहनाविरुद्ध कामी येतो. त्याच्या मित्राने व्यक्त केलेला संशय पोलीस हसण्यावारी नेतात. तोच अखेर खरा ठरतो. शेवटी पोलिसी दिव्यांची उघडझाप दिसते तेव्हा सुटकेऐवजी धास्तीच वाटते. मूळ शेवटात क्रिसला अटकच होत असे. तो नंतर बदलण्यात आला. या पटकथेबद्दल पील यांना २०१८ चे ऑस्कर मिळाले. मूळ पटकथेसाठी हा मान मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय लेखक होत.

या चित्रपटाचा एक दोष दुर्लक्षिता येत नाही. उपचाराविषयी ज्यांच्या मनात आधीच अविश्वास आहे, त्यांना तो चांगला उपचारक दाखवीत नाही. रेमी वीक्स यांच्या ‘हिज हाउस’ (२०२०) या ब्रिटिश चित्रपटात दक्षिण सूदानमधून आलेल्या निर्वासित दांपत्याच्या घरी उपचारक मुळी येतच नाही. येतात ते निर्वासित खात्याचे अधिकारी, आणि ते भिंतींची पाहणी करतात. समुद्रात बुडालेल्या मुलीविषयीची अपराधभावना पतिपत्नींना परस्परांपुढेच उघड करावी लागते. त्यानंतर ती दोघे भिंती दुरुस्त करतात. मृतांना मात्र घराबाहेर काढीत नाहीत.