लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर : आहार आणि चिकाटी

लठ्ठपणावरील ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढला जातो. त्यानंतर पातळ, मऊ व घन आहार टप्प्याटप्प्याने सुरू होतो. दररोज साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने आवश्यक असतात; म्हणून बेळगावकडील ताटात आधी उसळ, दही किंवा अंडे खावे, भाकरी नंतर. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने प्यावे. कुंदा, मांडे अशा गोडाने बायपास झालेल्यांना घाम, धडधड, जुलाब होऊ शकतात. निपाणी ही विडीच्या तंबाखूची पेठ. परंतु धूम्रपानाने जठरव्रणाचा धोका वाढतो. दीड-दोन वर्षांनी भूक पुन्हा वाढू लागते, वजन थांबते. खरी कसोटी तेव्हाच. आहाराची नोंद, नियमित चालणे, पूरक जीवनसत्त्वे व रक्ततपासणी आयुष्यभर सोडू नये.