लक्ष्यवेधातील नेमाचा प्रश्न

बारडोलीचे नाव निघाले की १९२८ चा सत्याग्रह आठवावा हे योग्यच होय. परंतु या गावाच्या पूर्वेस व्यारा व सोनगड ओलांडून डांगच्या रानापर्यंत पसरलेला मुलूख हा धनुष्याचा मुलूख आहे, याचे स्मरण आम्हां शिक्षकांना क्वचितच होते. पिलाजीराव गायकवाडांनी १७१९ मध्ये सोनगड घेतला तो भिल्लांकडूनच.

धनुर्विद्येवर लिहिणारे धनुष्यबाणांचे वर्णन पानेच्या पाने करतात. नेम कसा धरावा हा मुख्य प्रश्न मात्र द्रोणाचार्यांच्या त्या पक्ष्याच्या डोळ्यापाशी आटोपता घेतात. वस्तुतः केवळ डोळ्याकडे पाहून बाण डोळ्यास लागत नाही. दृष्टी सरळ जाते, बाण सुटताच खाली येऊ लागतो. या दोहोंचा मेळ घालणे म्हणजे नेम. आजच्या स्पर्धांतील धनुष्यावर हा मेळ साइटच्या पिनेने घालतात. तिचा नियम नवख्यास उलटा वाटतो. बाण लक्ष्याच्या वर लागत असतील तर पिन वर न्यावयाची, डावीकडे लागत असतील तर डावीकडे. कारण पिन लक्ष्यावरच टेकवावयाची असल्यामुळे ती वर सरकली की धनुष्याचा हात आपोआप खाली येतो. अंतर वाढले की अर्थातच पिन खाली.

पिन नव्हती तेव्हा काय करीत? १३६३ च्या सुमारास संकलित झालेल्या ‘शार्ङ्गधरपद्धती’त धनुर्वेदाचे प्रकरण आहे. प्रत्यंचा केशमूळ, कान, मान, खांदा इत्यादी पाच स्थानांपर्यंत ओढण्याचे प्रकार त्यात सांगितले असून संधानाचे अधः, ऊर्ध्व व सम असे तीन भेद केले आहेत. दूरच्या माऱ्यास अधःसंधान. बाणाचे शेपूट प्रत्यंचेवर खाली बसविले की टोक वर उठते, आणि बाण लांब जातो. आमच्या मते हीच त्या काळची पिन.

भिल्लाच्या बांबूच्या कामठ्यास दोरीही बांबूच्या चिपेचीच. त्यावर काटा नाही की खूण नाही. तो तर्जनी व मध्यमा यांनी ओढतो, अंगठा लावीत नाही. याचा संबंध लोक एकलव्याशी जोडतात. महाराष्ट्रातील एका भिल्ल स्त्रीवरील अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०११ रोजी निकाल दिला, त्यात द्रोणाचार्यांचे ते कृत्य लज्जास्पद ठरविले आहे. महाभारत म्हणते की अंगठा गेल्यावर एकलव्य बोटांनीच बाण सोडू लागला, पण पूर्वीची चपळाई राहिली नाही. म्हणजे कथाकारापुढे अंगठ्याची ओढ होती. मंगोल व तुर्क धनुर्धरांची ओढही तीच. ऑलिंपिकमध्ये मात्र आज बोटांचीच ओढ चालते.

आम्ही अनेक वर्षे ही कथा गुरुभक्तीचा पाठ म्हणून शिकविली, आणि समोरच्या बाकांवर चौधरी, गामित, भिल्ल मुले बसलेली असत. एकदा त्यांतील एकाने विचारले, “गुरुजी, बाण मारायला अंगठा लागतोच कशाला?” वर्ग हसला. आम्ही त्यास खाली बसविले, आणि पुढील श्लोक फळ्यावर लिहिला.