तीन सूत की चार सूत?

परवा अमेरिकेहून मुलाचा फोन आला. त्याने जुने लाकडी घर घेतले आहे. तळघरातून, तुळयांच्या मधल्या जागेत गरम पाण्याची नळी फिरवून वरची जमीन उबदार करायची आहे. नळी किती जाडीची घ्यावी, हा प्रश्न. त्याने इंचात सांगितले. आपल्या मिस्त्रींच्या भाषेत तीन सूत की चार सूत. मी जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे माझे मन आधी मागे धावले.

रोमन लोक फरशी ठेंगण्या खांबांवर उचलून खालून भट्टीची गरम हवा खेळवत. कोरियातल्या ओंडोलमध्ये चुलीचा धूर दगडी जमिनीखालून जातो. फ्रँक लॉइड राइट या वास्तुविशारदाला टोकियोत अशा कोरियन खोलीची ऊब अनुभवायला मिळाली आणि १९३७ साली पूर्ण झालेल्या जेकब्ज घरात त्याने काँक्रीटच्या लादीखाली लोखंडी नळ घातले. लाँग आयलंडवरच्या लेव्हिटटाउनमध्ये १९४७ पासून हजारो घरांच्या काँक्रीटमध्ये तांब्याच्या नळ्या पुरल्या गेल्या. पुढे त्यातल्या अनेक गळू लागल्या. दुरुस्तीसाठी जमीन फोडणार कोण? कित्येकांनी त्या बंदच केल्या.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. ऊब आणली हवेने, धुराने किंवा पाण्याने. पण पसरवली दगडाने आणि काँक्रीटने. मुलाच्या घरात दगडच नाही! लाकूड उष्णता सहज पुढे जाऊ देत नाही. म्हणून दगडाचे काम करायला नळीभोवती ॲल्युमिनियमचे पत्रे हवेत, आणि ऊब तळघरात उतरू नये म्हणून खाली जाड उष्णतारोधक थर.

नळीच्या जाडीवर मुख्यतः पाणी किती लांब ढकलता येईल, हे ठरते. तेवढेच पाणी तीन सुतीतून न्यायला चार सुतीच्या जवळजवळ चौपट जोर लागतो. म्हणून चार सुतीचा एक फेरा साधारण ३०० फुटांपर्यंत चालतो, तीन सुतीचा २०० च्या आसपास. तुळया १६ इंचांवर असतील तर प्रत्येक गाळ्यात दोन पदर, म्हणजे ३०० फुटांत २०० चौरस फूट जमीन.

मुलाचा कंत्राटदार पत्रे गाळून पैसे वाचवू पाहत होता. मी म्हटले, "चार सूत घे, पण पत्रे सोडू नकोस. तळघराचे छत एकदा बंद झाले की तुझेही लेव्हिटटाउन होईल."

पोराने ऐकले. असो, इतिहास कुठे उपयोगी पडेल, सांगता येत नाही!