राखणदारांची रात्र

विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर 'कुरसुरा' नावाची पाणबुडी वाळूत उभी आहे. 1969 ते 2001 अशी तीस वर्षांहून अधिक काळ तिनं नौदलात चाकरी केली आणि आता ती संग्रहालय झाली आहे. सध्या मी एन.सी.सी.च्या पोस्टिंगवर इथे असल्यामुळे गेल्या महिन्यात कॅडेट्सना घेऊन ती पाहायला गेलो. आतल्या गोल दारांतून जाताना पायदळातल्या माणसाला आपली उंची नकोशी होते. मी दोनदा डोकं आपटून घेतलं आणि कॅडेट्सनी शिस्तीत हसू दाबलं.

पाणतीरांच्या कप्प्यात एका मुलीनं विचारलं, "सर, ही पाण्याखाली असताना वरच्या जहाजांना तिच्याशी लढता कसं येतं?"

प्रश्न नौदलाचा आणि समोर उभा मी. खडकवासल्याला तीन वर्षं नेव्हीच्या कोर्समेट्सबरोबर काढली, त्या पुण्याईवर वेळ मारून नेली. पण त्या मुलीला खरं उत्तर द्यायचं राहून गेलं, म्हणून हा लेख.

हे उत्तर 16 मार्च 1941 च्या रात्रीचं आहे. उत्तर अटलांटिक समुद्रात 41 मालवाहू जहाजांचा एक काफिला ब्रिटनकडे निघाला होता. त्याचं नाव एचएक्स 112. कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदराहून निघणाऱ्या काफिल्यांना 'एचएक्स' म्हणत. ब्रिटन हे बेट. तेल, पोलाद, लाकूड, गहू, सगळं समुद्रावरून यायचं. ही जहाजं अडली की कारखाने थांबणार, विमानं जमिनीवर राहणार आणि चुली विझणार. जर्मन पाणबुड्यांना, म्हणजे यू-बोटींना, नेमकं तेच साधायचं होतं.

जम्मू-श्रीनगर रस्त्यावर ज्यांनी कॉन्व्हॉय नेला आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. कॉन्व्हॉयचा वेग सर्वांत मंद गाडीचा असतो. शत्रू कुठे आणि कधी वार करायचा ते स्वतः ठरवतो, राखण करणाऱ्यानं मात्र प्रत्येक वळणावर जागं राहायचं. समुद्रात तर वळणंही नसतात. सगळीकडे सारखंच काळं पाणी.

या काफिल्याच्या राखणीला सात जहाजं होती: पाच विनाशिका आणि दोन कॉर्व्हेट. त्यांचा प्रमुख होता कमांडर डोनाल्ड मॅकइंटायर, 'वॉकर' या विनाशिकेवर. एकेकाळी तो नौदलाचा वैमानिक होता. एस्कॉर्ट ग्रुपचा प्रमुख म्हणून हा त्याचा पहिलाच काफिला. 'वॉकर' आणि तिची जोडीदार 'व्हॅनॉक' या दोघीही पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या.

पाणबुडी शोधायला त्यांच्याकडे 'अ‍ॅस्डिक' होतं, ज्याला आज आपण सोनार म्हणतो. पाण्यात ध्वनी सोडायचा, तो कशावर तरी आपटून परत आला की दिशा आणि अंतर कळतं. मग जहाज त्या जागेवर न्यायचं आणि डेप्थ चार्ज, म्हणजे ठरावीक खोलीवर फुटणारी स्फोटकांची पिंपं, पाण्यात टाकायची. यात दोन अडचणी होत्या. अगदी जवळ गेलं की ध्वनीचा झोत पाणबुडीच्या वरून निघून जातो, म्हणजे शेवटचा घाव आंधळेपणानं घालायचा. आणि दुसरी अधिक वाईट: पाणबुडी पृष्ठभागावर असेल तर अ‍ॅस्डिकला ती जवळजवळ सापडतच नाही.

ही दुसरी अडचण जर्मनांच्या पक्की लक्षात आली होती. यू-99 चा कप्तान ओटो क्रेश्मर तर त्यातला उस्ताद. त्या महायुद्धात सर्वाधिक टनभाराची जहाजं बुडवणारा यू-बोट कप्तान हाच. रात्री पाणबुडी पृष्ठभागावर आणायची, काफिल्याच्या रांगांमध्ये शिरायचं आणि जवळून पाणतीर सोडायचे, ही त्याची पद्धत. पाण्यातून जेमतेम डोकावणारा तिचा मनोरा अंधारात कुणाला दिसणार?

आदल्या रात्री यू-110 नं काफिला शोधून एका तेलवाहू जहाजाला पाणतीर मारला होता आणि इतर पाणबुड्यांना बातमी पोहोचली होती. 16 तारखेच्या रात्री क्रेश्मर आत शिरला. 'फर्म', 'बेडुइन', 'व्हेनिशिया', 'जे. बी. व्हाइट', 'कोर्सहाम्न' अशी पाच जहाजं त्यानं दोन तासांच्या आत बुडवली, सहावं जखमी केलं. तेलवाहू जहाजं पेटल्यावर समुद्र उजळून निघत होता, पण मारेकरी दिसत नव्हता.

मॅकइंटायरची ती अवस्था मला कळते, कारण तिचा छोटा नमुना मी चाखला आहे. कॅप्टन असताना काझीगुंडच्या पुढे एकदा आमच्या कॉन्व्हॉयवर डोंगरउतारावरून गोळीबार झाला. रक्त गरम होतं. चार माणसं घेऊन मी वर धावणार होतो. आमच्या सुभेदार साहेबांनी हात धरला नाही, आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाले, "साहेब, तुम्ही वर गेलात तर खालच्या गाड्या कोण बघणार?" आम्ही उलट गोळीबार करून गाड्या पुढे काढल्या. वर कोण होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या दिवसाच्या नोंदीत एकच ओळ आहे: कॉन्व्हॉय सुखरूप पोहोचला. बरीच वर्षं मला त्या ओळीची लाज वाटायची.

मॅकइंटायरपुढे हाच पेच सातपट मोठा होता. जहाज पाणबुडीमागे लावावं तर काफिल्याची ती बाजू उघडी पडते. न लावावं तर ती रात्रभर एकेक जहाज टिपत राहणार. त्यानं 'वॉकर'ला हळूहळू वळण घ्यायला लावलं आणि दुर्बीण डोळ्यांना लावून पाणी निरखत राहिला. अखेर एक पांढरी फेसाची रेघ दिसली. ती यू-100 होती, योआखिम शेप्केची. 'वॉकर' अंगावर आल्यावर तिनं बुडी मारली, तिच्यामागोमाग डेप्थ चार्ज पडले. मग 'व्हॅनॉक'ही आली आणि दोघींनी मिळून तिला हैराण केलं. पहाटे तीनच्या सुमारास जायबंदी यू-100 पृष्ठभागावर आली. अंधाराचा आडोसा घेऊन निसटायचा शेप्केचा विचार असावा. पण 'व्हॅनॉक'वर नवं रडार बसवलं होतं. ते प्राथमिक अवस्थेतलं होतं, तरी त्या रात्री त्यानं काम केलं. 'व्हॅनॉक' सरळ पाणबुडीवर जाऊन आदळली. मनोऱ्यावर उभा असलेला शेप्के जागीच ठार झाला. सहा जण वाचले.

'व्हॅनॉक' त्या सहा जणांना वर घ्यायला थांबली. थांबलेलं जहाज म्हणजे पाणबुडीला आयतं सावज, म्हणून 'वॉकर' तिच्याभोवती घिरट्या घालू लागली. राखणदाराची राखण. एवढ्यात 'वॉकर'च्या अ‍ॅस्डिकवाल्यानं पुन्हा संपर्क मिळाल्याचं कळवलं. मॅकइंटायरला आधी खरं वाटेना. जहाजांनीच ढवळलेलं पाणी असेल, असं तो धरून चालला. पण तो शिपाई आपल्या कानांवर ठाम राहिला.

ती यू-99 होती. पाणतीर संपल्यामुळे क्रेश्मर घरी निघाला होता. तो खाली असताना पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला जवळच विनाशिका दिसली आणि त्यानं बुडी मारली. रात्री विनाशिका दिसली तर बुडी मारायची नाही, पृष्ठभागावरूनच निसटायचं, हा क्रेश्मरचा दंडक. तो मोडला आणि पाणबुडी बरोबर अ‍ॅस्डिकच्या कक्षेत आली. डेप्थ चार्जच्या एका फैरीनं ती मोडकळीस आली आणि वर आली. दोन्ही विनाशिकांनी तोफा सुरू केल्या. थोड्या वेळात पाणबुडीवरून दिव्याचा संदेश आला, मोडक्यातोडक्या इंग्रजीत: आम्ही बुडतो आहोत, माझी माणसं वाचवा.

'वॉकर'वर त्या वेळी 'जे. बी. व्हाइट'चे वाचलेले खलाशी होते. यू-99 नं त्यांचं जहाज काही तासांपूर्वीच बुडवलं होतं. तरी मॅकइंटायर थांबला. बर्फासारख्या पाण्यातून 40 जर्मनांना वर ओढलं, शेवटी वर आला तो क्रेश्मर. मारणारे आणि ज्यांना मारलं ते, एकाच डेकवर कुडकुडत ब्रिटनला पोहोचले. त्यानंतर या काफिल्यातलं एकही जहाज बुडालं नाही.

इतिहासात ही रात्र दोन नामांकित कप्तान संपल्याची रात्र म्हणून नोंदली जाते. मला आता दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो: 41 पैकी 36 पोहोचली. राखण नसेल तर काय होतं, ते सहाच महिने आधी दिसलं होतं. सप्टेंबर 1940 मध्ये 'सिटी ऑफ बनारस' ब्रिटनमधून 90 स्थलांतरित मुलांना घेऊन कॅनडाला निघालं होतं. एस्कॉर्ट दुसऱ्या काफिल्याकडे गेल्यावर, 17 तारखेच्या रात्री यू-48 नं ते बुडवलं. त्यातली 77 मुलं गेली. एक होडी 46 माणसांसह आठ दिवस भरकटत राहिली, त्यात बहुतेक आपले भारतीय खलाशी होते.

आपले म्हणजे खरोखर आपले. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हिंदुस्थानी खलाशी हजारोंनी होते. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान डेकवर आणि इंजिनात, गोव्याचे लोक स्वयंपाकघरात आणि वाढपाला. सारंग, टंडेल, आगवाला ही त्यांची पदं. पाणतीर बसायचा तो बहुधा पाण्याखालच्या भागात, आणि कोळसा ओढणारा आगवाला नेमका तिथेच असायचा.

राखणदारांतही आपण होतो. 12 ऑगस्ट 1944 ला सेशेल्स बेटांजवळ रॉयल इंडियन नेव्हीच्या 'गोदावरी'नं ब्रिटिश 'फाइंडहॉर्न'च्या साथीनं यू-198 बुडवली. तिच्यावरच्या 66 जणांपैकी कुणी वाचलं नाही. फाळणीनंतर 'गोदावरी' पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि तिचं नाव 'सिंध' झालं. नाशिक-नांदेडच्या किती जणांना हे ठाऊक आहे?

मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये एक स्मृतिग्रंथ आहे. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या आणि समुद्राशिवाय ज्यांची दुसरी कबर नाही, अशा सहा हजारांहून अधिक नौसैनिक आणि खलाशांची नावं त्यात आहेत. याची दुसरी प्रत चित्तगावला आहे. पुढच्या सुट्टीत गावी जाताना तिथे थांबणार आहे. मुंबईतल्या वाचकांनी माझ्या आधी गेलात तर उत्तमच.

त्या कॅडेट मुलीला हा लेख वाचून दाखवायचा आहे. तिला मराठी येत नाही, त्यामुळे हिंदीत सांगावा लागेल. सुभेदार साहेबांचं वाक्य मात्र मी मराठीतच म्हणणार.